उसनी जीभ

एस्तेल माझ्या ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा मी कोळंबी सोलत होते. मान वर न करता मी आधी हिशेब मांडला. हात रिकामे, म्हणजे द्यायला आलेली नाही. चेहरा गोड, म्हणजे भांडायलाही नाही. म्हणजे काहीतरी न्यायला आलेली. पण माझ्याकडून नेण्यासारखं होतं काय? लिंबं तर ती न विचारताच नेत असे. झाड माझ्या अंगणात उगवलेलं, पण फांद्या कुंपणावरून तिच्याकडे झुकलेल्या, आणि फळायचं ते नेमकं तिकडेच. त्यापायी आम्ही दोघी जावा ईस्टरपासून एकमेकींशी बोललो नव्हतो. न बोलण्यात फायदा तिचा होता, कारण लिंबं तिच्याकडे होती. तो फायदा सोडून ही बाई आपल्या पायांनी माझ्या दारात येते, तर तिला लिंबांहून मोठं काहीतरी मिळणार असलं पाहिजे.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमची जीभ हवी होती."

माझ्या हातून कोळंबी सहसा सुटत नाही. त्या दिवशी सुटली.

"कशाला? भाजून खाणार?"

"मुलांना घाबरवायला."

मी पाट सरकवला. असल्या गिऱ्हाइकाला उभं ठेवू नये.

एस्तेल माझ्या धाकट्या दिराची बायको. वांद्र्याची. तिचे वडील तिकडे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि लेकीच्या लग्नात त्यांनी कपाट, पलंग, शिलाई मशीन असलं काही न देता एक पियानो दिला. तो टेम्पोतून आमच्या वसईच्या आळीत आला तेव्हा दाराची चौकट काढावी लागली होती. केळीच्या वाड्या करणाऱ्या घरात पियानो! सासूबाई मरेपर्यंत त्याच्यावर पापड वाळत घालायच्या. त्या गेल्यावर एस्तेलने पापड उचलले आणि आळीतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. दरवर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चच्या सभागृहात मेळा भरायचा, आणि त्यात तिची आठ मुलं नाताळची गाणी तिथल्या पियानोवर वाजवायची. गाव नवे कपडे घालून ऐकायला यायचं. गाव खरं तर एकमेकांचे कपडे बघायला यायचं, पण मुलांना हे कोण सांगणार?

"मेल्बासाठी आले मी," एस्तेल म्हणाली.

मेल्बा डाबरे. अकरा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं. आठांत सगळ्यांत चांगलं वाजवणारी, आणि आदल्या वर्षी सगळ्यांत वाईट पडलेली. मेळ्यात तिने गाणं सुरू केलं, तेवढ्यात मागच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि कुणीतरी हसलं. हसला तो त्या तान्ह्याला. पण मेल्बाचे हात थांबले, मग मांडीत गेले. ती ताठ बसून राहिली, गालांवरून ओघळ वाहताहेत आणि तोंडातून आवाज नाही. शेवटी एस्तेलने तिला उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून आळीतली पोरं तिला 'मेणबत्ती' म्हणायला लागली.

"तिची आई म्हणते, यंदा शेवटचं. यंदाही तसंच झालं तर पियानो बंद, गणिताची शिकवणी. आणि मेल्बा गेली की बाकीची सातही जातील, वहिनी. ती वाजवते म्हणून ती येतात."

"म्हणजे तुझा वर्ग बुडेल."

"माझा बुडेलच. पण आधी ती बुडेल. ती रोज माझ्याकडे येऊन दोन-दोन तास वाजवते आणि घरी जाताना विचारते, टीचर, मी खरंच मेणबत्ती आहे का?"

मी कोळंबीचं डोकं मोडलं. "मग मी काय करायचं?"

"बसायचं. मुलं वाजवताना खोकायचं, जांभया द्यायच्या, नावं ठेवायची. तोंडाला येईल ते बोलायचं. तुमच्यासमोर जे पोर वाजवील ते कुठेही वाजवील."

"अख्ख्या गावात कुजकं बोलायला तुला मीच सापडले?"

"दुसरं कोण आहे?" एस्तेलने विचारलं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं नाव सुचेना.

"लिंबं?" मी विचारलं.

"फांदीला हात लावणार नाही."

"खाली पडलेली?"

"टोपलीत भरून आणून देईन."

सौदा झाला. ज्या कामासाठी गाव मला टाळत होतं तेच काम आता कुणीतरी मागून घेत होतं. मी मनात म्हटलं, रेजिना, तुझ्या जिभेला गिऱ्हाईक मिळालं ग बाई.

*

पहिल्या दिवशी एस्तेलने मला पियानोच्या बाजूला खुर्ची दिली, आणि मी तासाभरात निम्मा वर्ग रडवला. धाकटा रॉयस्टन वाजवत होता. "अरे रॉयस्टन, गाढवं बाळ येशूला बघायला आली होती, वाजवायला नव्हे," एवढंच म्हणाले, तर त्याने पियानोखाली तोंड लपवलं. मी एस्तेलकडे बघितलं. तिने हाताने खूण केली, चालू द्या.

मेल्बाची पाळी शेवटी आली. ती बसली आणि माझ्याकडे बघायचं टाळत तिने सुरुवात केली.

"मेल्बे, हे गव्हाणीचं गाणं आहे की खुडूक कोंबडी बसलीय?"

हात थांबले. मांडीत गेले. मला वाटलं, झालं, लिंबं गेली.

मग तिने मान वळवली. "काकी, कोंबडी तुझीच असेल. तुझ्या कोंबड्यापण आमच्याच घरात अंडी घालतात."

मुलं खदखदून हसली. एस्तेलने तोंड फिरवलं, पण हसण्याने तिचे खांदे हलत होते. मेल्बाने हात वर आणले आणि पुन्हा सुरू केलं.

त्या दिवसापासून आमचं दोघींचं एक वेगळंच गाणं बसत गेलं. बोटं नुसती टेकवायची, जोर करायचा नाही, ही तिची खोड. मी म्हणायचे, "काय गो मेल्बे, पियानोला खरूज झालीय का, हात लावायला घाबरतेस?" ती म्हणायची, "गप्प बस काकी, नाहीतर दोनदा वाजवीन." ही धमकी दिल्याशिवाय ती सुरूच करेना. गाण्याच्या मधोमध एक अवघड जागा होती, तिथे डावा हात उजव्यावरून पलीकडे न्यायचा. तिथे ती हमखास अडखळायची. एकदा मी चिडून ओरडले, "लवकर ओलांड गो, घरी भात करपला माझा!" तिला हसू फुटलं, आणि हसता हसता हात पलीकडे गेला. एस्तेल म्हणाली, "वहिनी, हे दर वेळी म्हणा. हसली की तिचं मनगट सैल सुटतं." मग रोज माझा भात करपायला लागला.

मी रोज नवीन काहीतरी शोधून न्यायचे. खिडकीत मासळीवालीला उभी करून भाव विचारायचे. पितळी परात पाडायचे. एकदा माझीच कोंबडी आत सोडली. मुलांनी ढुंकून बघितलं नाही. रॉयस्टन वाजवता वाजवता मला म्हणाला, "काकी, परात पुन्हा पाड, ताल बरोबर येत होता." एस्तेल स्वयंपाकघरातून चहा घेऊन येताना गुणगुणायला लागली होती, आणि टोपलीतली लिंबं माझ्या ओट्यावर वेळेवर येत होती.

एके दिवशी माझी दाढ सुजली. लवंगेच्या तेलाचा बोळा गालात धरून मी नुसती बसले. मेल्बाने सुरू केलं, अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. मग वळून म्हणाली, "काकी, बोल ना काहीतरी."

"दाढ दुखतेय."

"मग दाढेला तरी नावं ठेव!"

आम्ही सगळे हसलो. एस्तेल तर इतकी हसली की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. हसण्याऐवजी आम्हा दोघींपैकी एकीने जरी जरा विचार केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण दोघींना वाटलं, काम फत्ते झालं.

*

याच सुमारास माझ्या घरी दुसरा सौदा शिजत होता. जेराल्डचा. जेराल्ड माझा एकुलता एक, बँकेत लागलेला, बापासारखा कमी बोलणारा. त्याने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बूट फाटले तरी मला दिसेपर्यंत फाटकेच घालायचा. त्याच्यासाठी पापडी गावच्या तुस्कानोंच्या एव्हेटचं स्थळ आलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मला एक अख्खं वाक्य ऐकायला मिळालं.

"आई, मला ती आवडते."

तुस्कानोंकडे सगळं ठीक होतं, फक्त एव्हेटची आई हिल्डाबाई सोडून. हिल्डाबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. इतक्या हळू बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच बहिरे झालो. त्यांनी निरोप धाडला होता की मेळ्याला येऊ, तिथेच सहज भेट होईल. सहज म्हणजे काय ते मला कळत होतं. घरी आलं की घर आवरलेलं दिसतं. सभागृहात माणूस जसा आहे तसा दिसतो.

मेळ्याच्या सकाळी जेराल्ड माझ्यासमोर बसला.

"आई, एक संध्याकाळ. एकच. तोंडाला कुलूप."

"मी काय कुत्रं आहे, चावायला?"

"हसलीस तरी हळू हस."

"आणि शिंक आली तर?"

"आई."

मी त्याच्याकडे बघितलं. शर्टाला त्याने स्वतः इस्त्री केली होती, एका बाहीवर दोन घड्या पडलेल्या. "तुझ्या पप्पांच्या फोटोची शपथ," मी म्हटलं. "आज माझ्या तोंडून शब्द निघणार नाही."

माझी भीती वेगळीच होती. मला वाटत होतं, मुलं निर्भय झालीत, आता माझी गरज नाही, नुसतं गप्प बसायचंय. ते मला जमेल का?

*

सभागृहात माझी जागा दुसऱ्या रांगेत. एका बाजूला जेराल्ड, दुसऱ्या बाजूला हिल्डाबाई, त्यांच्या पलीकडे एव्हेट. हिल्डाबाईंनी मला काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली आणि त्या खूश झाल्या. मला वाटलं, गप्प बसणं म्हणजे किती फायद्याचं काम, एवढी वर्षं उगाच तोट्यात काढली.

मग फादर मंचावर आले. फादर नेविल नवे होते, तरुण, नुकतीच दीक्षा झालेले, आणि आदल्या वर्षी काय घडलं ते कुणीतरी त्यांना रंगवून सांगितलेलं. त्यांचं मन फार चांगलं होतं. चांगल्या मनाच्या माणसाने केलेलं नुकसान भरून यायला जास्त वेळ लागतो.

"गेल्या वर्षी आपल्या एका लेकराला आपल्या गोंगाटाचा त्रास झाला," ते म्हणाले. "यंदा आपण मुलांना शांततेची भेट देऊ या. तान्ही बाळं अंगणात न्या. पंखे बंद करतोय, ते खडखडतात. गाणी संपेपर्यंत कुणी टाळीही वाजवू नये."

दंडाला फिती बांधलेली चार तरुण पोरं दारांशी उभी राहिली. कुणी चुळबूळ केली की ओठांवर बोट ठेवायची. आणि आमचं गाव, ज्याला प्रवचनातसुद्धा गप्प बसता येत नाही, ते त्या दिवशी फादरांच्या शब्दासाठी खरोखर गप्प बसलं. सभागृहात पियानो सोडून काहीच उरलं नाही.

रॉयस्टन आला. स्टुलावर बसला, आजूबाजूला बघितलं. कुठूनच काही येईना. त्याने इतक्या घाईने वाजवलं की गाणं सुरू झालं आणि संपलंसुद्धा, आणि तो पळून गेला. त्यानंतरची मुलगी थांबली, सुरू झाली, थांबली. तिच्यामागून आलेल्या मुलाने एका हाताने वाजवलं आणि दुसरा हात तोंडात धरला. प्रत्येक पोर वाजवण्याआधी मान वाकडी करून काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होतं. कुणी खोकत नव्हतं. कुणी नावं ठेवत नव्हतं. परात पडत नव्हती.

पडद्याशी एस्तेल उभी होती. डोक्यांच्या वरून तिची आणि माझी नजर एकमेकींत अडकली, आणि दोघींना एकदमच कळलं. आम्ही मुलांना भरल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. फादरांनी प्रेमाने विहीरच उपसून टाकली होती.

शेवटी मेल्बा आली. पांढरा फ्रॉक, वेण्यांना लाल फिती. पहिल्या रांगेत तिची आई, हातात जपमाळ. मेल्बा बसली. हात वर आणले.

आणि हात थांबले.

सगळ्या गावाला माहीत होतं की पुढे काय होणार. सगळं गाव श्वास धरून, अगदी मनापासून शांत राहून ते व्हायची वाट बघत होतं. तिचे हात मांडीत गेले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "मेणबत्ती." लगेच फितीवाल्या पोराने त्याला बोट दाखवलं, आणि शांतता आणखी घट्ट झाली.

मेल्बाने मान वळवली. रांगांवरून फिरत फिरत तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी खोकले.

हिल्डाबाईंनी हळूच पदर सावरला. फितीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. मेल्बाचे हात जरासे हलले, पण मांडीतच राहिले. एका खोकल्याने काय होणार? पोर रोज शिव्यांच्या पंक्तीला जेवलेलं.

जेराल्डने माझं मनगट धरलं. "आई. नको."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. बाहीवरच्या त्या दोन घड्या दिसल्या. मग वर बघितलं. मेल्बाच्या गालावर पहिला ओघळ आला होता.

"काय गो मेल्बे!" मी उभी राहून ओरडले. "पियानोला खरूज झालीय का, हात लावायला घाबरतेस?"

देवाशपथ सांगते, सभागृहाचं छप्पर जागेवर राहिलं याचंच मला नवल वाटलं. मेल्बाच्या आईच्या हातून जपमाळ पडली. फादरांचं तोंड उघडलं ते उघडंच. हिल्डाबाई माझ्यापासून वीतभर सरकल्या आणि एव्हेटला चेपून बसल्या.

पियानोशेजारी माइक होता. त्यातून मेल्बाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, नाक ओढत, पण स्पष्ट.

"गप्प बस काकी, नाहीतर दोनदा वाजवीन."

आणि तिने सुरुवात केली.

मी बसायला पाहिजे होतं. बसणारही होते. पण कानाने मी त्या गाण्याची वाट पाठ केली होती, आणि पुढे ती हात ओलांडायची जागा येत होती. तोवर फादर मंचावरून उतरून माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझं कोपर धरलं.

"रेजिनाबाई, बाहेर चला."

"चलते फादर. जरा सावकाश. ती जागा येऊ द्या."

"कसली जागा?"

"आहे एक."

ते मला ओढत होते, मी पाय घासत होते, आणि पियानो पुढे चालला होता. दारापाशी पोचलो आणि तिचा सूर डळमळला. मी चौकट धरली.

"लवकर ओलांड गो! घरी भात करपला माझा!"

माइकमधून एक फिस्सकन हसू आलं. हात पलीकडे गेला. तसा स्वच्छ तो एस्तेलच्या घरीही कधी गेला नव्हता. फादरांनी दार लावलं.

मी सभागृहाला वळसा घालून पहिल्या खिडकीशी गेले. "रॉयस्टन, तू परत बस रे, मघाशी गाडी पकडायची होती का?" फितीवाल्याने खिडकी लावली. मी दुसऱ्या खिडकीशी गेले. तीही लागली. तिसरीच्या बिजागऱ्या गंजलेल्या होत्या, ती लागेना. तिथून मला दिसलं, मेल्बा गाणं संपवून उठली नव्हती. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. दोनदा वाजवीन म्हणाली होती ना.

फादरांचा हुकूम विसरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगणातली तान्ही सगळी एकदम रडायला लागली.

*

दिवेलागणीला मी ओट्यावर बसले होते. आधी मेल्बाची आई आली. पायरी चढली नाही, रस्त्यातूनच बोलली.

"रेजिना, एवढ्याशा पोरीशी वैर घ्यायला लाज नाही वाटली तुला? सणासुदीला?"

मेल्बा तिचा हात ओढत होती. "आई, काकीने मला मदत केली. खरंच!"

"बघ," तिची आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, "किती गुणाचं लेकरू. माफसुद्धा केलं तुला."

त्या गेल्या. मग एस्तेल आली, हातात लिंबांची टोपली. या वेळी हात भरलेले होते, म्हणजे द्यायला आली होती.

"वहिनी, मी आत्ता जाऊन फादरना सगळं सांगते."

"गप्प बस."

"लोक काय काय बोलताहेत तुमच्याबद्दल."

"ते आधीही बोलायचे. एस्तेल, आज गावाने काय बघितलं? सगळ्यांत कुजकी बाई भर सभेत पोरीच्या अंगावर गेली, आणि पोरगी डगमगली नाही. तू जाऊन सांगशील, ती बाई नसती तर पोरीला वाजवताच आलं नसतं. मग तिला काय म्हणतील?"

एस्तेलने टोपली ओट्यावर ठेवली.

"आणि जेराल्ड?" तिने विचारलं.

"त्याचं मी बघते," मी म्हटलं. हे बोलायला मला काहीच वेळ लागला नाही.

तुस्कानोंचा निरोप दोन दिवसांत आला, हिल्डाबाईंच्या आवाजासारखाच हळू. मुलगी अजून लहान आहे म्हणे. महिला मंडळाने मला चर्चमधली बाळ येशूची गव्हाण सजवायच्या कामातून काढलं. नाताळला आमच्या आळीत घरोघर फराळाची ताटं फिरतात. त्या वर्षी मी ताटं पाठवली, माझ्याकडे एस्तेलचं सोडून एकही आलं नाही. माझे तळलेले गोड कुलकुल मीच खाल्ले, जेराल्ड समोर बसून काही न बोलता खात राहिला. फक्त नाताळच्या दुपारी रस्त्यावरून एक बारीक आवाज आला, "काकी, तुझा केक वीट म्हणून चालेल का? आमच्या कुंपणाला हवीय!" आणि दोन वेण्या पळाल्या. त्या सणात मला मिळालेली तीच काय ती भेट.

मेल्बाला परत कुणी मेणबत्ती म्हटलं नाही. पुढच्या वर्षी तिने पंख्यांच्या खडखडाटात वाजवलं, त्याच्या पुढच्या वर्षी शांततेत, आणि माझी गरज संपली. जेराल्डने पुढे पालघरची मुलगी केली. चांगली आहे, माझ्याशीही चांगलं वागते. पण एस्तेलच्या घरातून पियानो ऐकू आला की जेराल्ड उठून मागच्या वाडीत जातो. मला वाटायचं, केळींना पाणी घालायला जातो.

*

मागच्या वर्षी माझा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पलंगावरून उठवून वॉकर हातात दिला, म्हणाल्या, "आजी, एक पाऊल." जेराल्डने माझं कोपर धरलं होतं. सून होती, नर्स होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एवढी माया की बघवेना. "सावकाश, आजी." "घाई नाही, आजी." मग सगळे गप्प राहून वाट बघत बसले. माझा पाय हलेना. मी उभी थरथरत होते, आणि माझ्या गालांवरून काय वाहत होतं ते मला पुसताही येत नव्हतं, हात वॉकरवर होते.

"काय गो काकी!"

दारात मेल्बा उभी होती. आता वांद्र्याला ती मुलांना पियानो शिकवते, केस कापलेत, चष्मा आहे. हातात द्राक्षांची पिशवी.

"फरशीला खरूज झालीय का, पाय ठेवायला घाबरतेस?"

नर्स हादरली. सुनेने तोंडावर हात ठेवला.

"गप्प बस मेल्बे," मी म्हटलं, "नाहीतर दोनदा चालेन."

आणि पाय उचलला. नर्स मेल्बाला म्हणाली, "बाई, तुम्ही आधी बाहेर व्हा, हे हॉस्पिटल आहे," आणि तिला दंडाला धरून न्यायला लागली. मी दोन पावलं टाकली, तिसऱ्याला अडले. दाराबाहेरून ओरडा आला, "लवकर ओलांड गो, भात करपला!" मी हसले. पाऊल पडलं.

खोलीच्या टोकाला पोचलो तेव्हा जेराल्ड हळूच म्हणाला, "एव्हेट हसली होती, आई."

"कोण?"

"त्या दिवशी. तू भात करपला म्हणालीस तेव्हा ती खळखळून हसली. बाहेर पडताना मला म्हणाली, तुझी आई मला हवी. तिच्या आईने ऐकलं नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

मी वॉकर धरून उभी राहिले आणि मनात सगळं पुन्हा मांडलं. एस्तेलचा वर्ग वाचला. लिंबं मला मिळाली. मेल्बाचं देणं आत्ता दारात फिटलं. एवढी वर्षं मी सगळ्या गावाला, आणि गावाहून जास्त स्वतःला, सांगत आले होते की त्या संध्याकाळची किंमत रेजिनाने मोजली. माझं काय गेलं होतं? चार ताटं कुलकुल आणि गव्हाणीचं गवत अंथरायचं काम. मोजली ती जेराल्डने, सगळीच्या सगळी, आणि एवढी वर्षं त्याने त्याचा हिशेब मागितला नव्हता.

"दमलीस का, आई?" त्याने विचारलं. त्याने माझं कोपर अजून धरलेलं होतं.